नंबर नळाखाली लावा: घरदुरुस्तीचा नवा धंदा कमी खर्चात लोकांपर्यंत कसा न्यावा

मी १८ वर्षं एका वसतिगृहात देखभालीचं काम केलं. ४०० खोल्या. नळ, बिजागऱ्या, कड्या, खिडक्यांचे रोलर, कमोडच्या टाक्या, जे बिघडेल ते माझं. त्या १८ वर्षांत मला कधी स्वतःची जाहिरात करावी लागली नाही. काही तुटलं की मुलं जिन्यातून हाक मारायची आणि मी पान्हा घेऊन निघायचो. पुढे स्वतःचा घरदुरुस्तीचा धंदा टाकला, हत्यारांची पिशवी भरली, फोन समोर ठेवून बसलो, आणि पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की आता हाक मारणारं कोणी नाही.

हे लिहितोय ते असंच फोनकडे बघत बसलेल्यांसाठी. हातात कसब आहे, जाहिरातीला पैसा नाही. माझं काय फसलं आणि फोन कशाने वाजायला लागला, ते सांगतो.

सुरुवात पत्रकांनी केली, आणि तीच फसली

सगळे करतात तेच मीही केलं. पत्रकं छापली, २,००० प्रती. गुळगुळीत कागद, दोन रंग, वर माझं नाव मोठ्या अक्षरांत आणि खाली कामांची यादी. यादीत २२ कामं होती आणि शेवटी ‘इत्यादी’. वर्तमानपत्रात घालून घरोघर वाटली. तीन फोन आले. एकाला मजुरी जास्त वाटली. एकाने पत्ता सांगितला आणि मी पोचेपर्यंत दुसऱ्याकडून काम करून घेतलं. तिसऱ्या बाईंनी टीव्ही दुरुस्त करता का विचारलं. नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “मग इत्यादी म्हणजे काय?”

त्यांचं बरोबर होतं. ‘सगळं करतो’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला त्यातलं एकही काम आठवत नाही. पण खरी चूक यादीची नव्हती, वेळेची होती. माझं पत्रक लोकांच्या हाती सकाळी सात वाजता पडलं, तेव्हा कोणाच्याही घरी काही गळत नव्हतं. नळ गळत नसताना प्लंबरचा कागद म्हणजे रद्दी. आणि तीन महिन्यांनी नळ गळतो तेव्हा ती रद्दी घरातून गेलेली असते.

आपला धंदा कपड्यांच्या दुकानासारखा नाही. कोणी सहज म्हणून बिजागरी बदलायला बोलवत नाही. माणसाला आपली गरज पडते ती एका ठरावीक घटकेला, एका ठरावीक जागी, बहुतेक वेळा ओल्या हातांनी. त्या घटकेला, त्या जागी आपला नंबर दिसला तर काम आपलं. मी पुढे जे काही केलं ते या एका हिशेबाने.

पत्रकं छापूच नका असं नाही. छापायचीच तर ए-फोर कागदावर आठ बसतील अशी छोटी छापा, एका रंगात, पाचच कामं लिहून. कागद तीनदा आडवा आणि एकदा उभा कापला गेला की तळहाताएवढा तुकडा होतो, तो पाकिटात राहतो. आणि वाटायची तर जिथे काम करून आलात त्याच इमारतीत वाटा. त्या दिवशी तिथल्या लोकांनी ड्रिलचा आवाज ऐकलेला असतो.

नाव: लोक तुम्हाला कशाने शोधतील

सुरुवातीच्या दिवसांतली गोष्ट. एका घरी मी स्वयंपाकघराच्या शटरचे चॅनेल बदलले होते. काम उत्तम झालं, घरमालक खूश. चार महिन्यांनी ते रस्त्यात भेटले. म्हणाले, “अहो, तुम्हाला किती शोधलं! बाथरूमची कडी तुटली होती. नंबर सेव्ह केलेला होता हो, पण नाव आठवेना. शेवटी दुसऱ्याला बोलावलं.” मी म्हटलं, दाखवा बघू फोन. त्यांनी मला ‘राजूचा मित्र’ म्हणून सेव्ह केलं होतं, कारण राजू नावाच्या कोणीतरी त्यांना माझा नंबर दिला होता.

तेव्हापासून काम संपलं की मी गिऱ्हाइकासमोरच त्यांना व्हॉट्सॲपवर एक ओळ पाठवतो: “नंबर ‘दुरुस्ती’ या नावाने सेव्ह करा, म्हणजे गरजेला सापडेल.” माझ्या नावाची मला हौस नाही. माणूस घाईत फोनवर ‘दु’ टाइप करतो तेव्हा मी वर यायला हवा, बास. या ओळीचा आणखी एक फायदा मला उशिरा कळला. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीतून (एकच संदेश एकदम अनेकांना, पण प्रत्येकाला वेगळा जातो ती सोय) पाठवलेला संदेश, ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. सेव्ह न करणाऱ्यांना मी सहा महिने संदेश पाठवत होतो आणि ते मिळत नसतानाही ‘लोक उत्तर देत नाहीत’ म्हणून कुढत होतो.

धंद्याला नाव ठेवताना त्यात कामाचा शब्द असू द्या. देवाचं, मुलीचं, आडनावाचं नाव खुशाल ठेवा, पण मागे ‘घरदुरुस्ती’ हवं. आणि एकदा ठरलं की पिशवीवर, कार्डावर, फोनवर, नकाशावर, सगळीकडे तेच नाव, एकाही अक्षराचा फरक न करता.

वाल्वचा टॅग

आता ज्याने माझा धंदा उभा केला ती गोष्ट, आणि ती मी जरा तपशिलाने सांगणार आहे.

वसतिगृहात पाइप फुटला की धावपळ व्हायची ती पाइपमुळे नाही, मेन वाल्व कुठे आहे हे कोणाला माहीत नसायचं म्हणून. घरांतही तेच. कित्येक घरांत लोकांना आपल्या घराचं पाणी कुठून बंद होतं हे ठाऊक नसतं. मग मी ठरवलं, ज्या घरी काम करीन तिथला मेन वाल्व शोधायचा, तो चालतो का बघायचं आणि त्याला एक टॅग बांधायचा. टॅगवर मोठ्या अक्षरांत वाल्व कसा बंद करायचा ते, आणि खाली माझा नंबर.

वाल्व दोन तऱ्हांचे भेटतात. गोल चाकाचा असेल तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवत न्यायचा, थांबेपर्यंत. लांब दांड्याचा असेल तर दांडा पाइपच्या रेषेत म्हणजे चालू, पाइपला आडवा म्हणजे बंद. म्हणून मी दोन तऱ्हांचे टॅग ठेवतो. एकावर फिरवायचा बाण, दुसऱ्यावर ‘दांडा आडवा = पाणी बंद’. घाबरलेल्या माणसाला वाचायचं असतं, म्हणून शब्द कमीत कमी. नंबरचे आकडे अंगठ्याच्या नखाएवढे. क्यूआर कोड इथे नको. पाणी पायाशी येत असताना कोणी कॅमेरा उघडत नाही.

बनवायची पद्धत सांगतो. मी पहिल्यांदा कागदी स्टिकर लावले होते. सिंकखालच्या ओलीने महिन्याभरात त्यांचे कोपरे वळले आणि शाई पसरली. मग प्लॅस्टिकच्या जुन्या फाइलींचे तुकडे कापले, एका टोकाला भोक पाडलं, आत छापील कागद ठेवून दोन्ही बाजूंनी चिकट फिल्म लावली आणि केबल टायने बांधला. बांधायचा तो पाइपला, दांड्याला नाही. दांडा फिरताना अडतो. स्टिकरच लावायचा असेल तर व्हिनाइलचा घ्या, जागा आधी स्पिरिटने पुसा, आणि शटरच्या आतल्या बाजूला लावा. बाहेर लावला तर घर ज्याचं आहे तो दुसऱ्या दिवशी खरवडतो, आणि बरोबरच करतो.

परवानगी विचारल्याशिवाय काहीही बांधायचं नाही. मी म्हणतो, “तुमचा मेन वाल्व कुठे आहे दाखवता का? खूण करून ठेवतो, रात्री-बेरात्री लागला तर.” आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही. एक सावधगिरी मात्र घ्या. वर्षानुवर्षं न फिरवलेला वाल्व जोर लावून फिरवू नका. तो तुटला तर जाहिरात राहील बाजूला, घरात तळं होईल. जाम असेल तर तसं सांगा. तेही एक काम निघतं.

या टॅगवरून आलेला पहिला फोन मला अजून आठवतो. रात्रीचे साडेअकरा. अनोळखी मुलगा, आवाज कापत होता. “काका, बेसिनखालचा पाइप निघाला. इथे लिहिलंय तसं दांडा आडवा केला. पाणी थांबलं. आता काय करू?” त्या घरात आधी राहणाऱ्यांचं काम मी केलं होतं. ते घर सोडून गेले, भाडेकरू बदलले, टॅग तिथेच राहिला. मी त्याला म्हटलं, आता काही करू नकोस, फरशी पूस आणि झोप, सकाळी आठला येतो. सकाळी गेलो तेव्हा त्याने शेजारच्या दोघांना बोलावून ठेवलं होतं. त्यांनाही टॅग हवा होता.

नंबर आणखी कुठे ठेवावा? सिंकच्या शटरच्या आत, कमोडच्या टाकीच्या झाकणाखाली, गीझरजवळच्या कोपऱ्यात, खिडकीच्या चौकटीच्या आतल्या कडेला. सगळीकडे नको. ज्या वस्तूचं काम केलं तिथे एक, आणि मेन वाल्ववर एक. तारीखही लिहा. ‘वॉशर बदलला’ आणि खाली तारीख एवढं दिसलं की पुढच्या कारागिरालाही उपयोग होतो, आणि गिऱ्हाइकाला कळतं की हा माणूस हिशेब ठेवतो.

निघण्याआधीची दहा मिनिटं

‘पहिलं काम मोफत’ हा प्रयोग मी एकदा केला. करू नका. एका घरी फुकट कडी बसवायला गेलो तर त्यांनी १४ कामांची चिठ्ठी तयार ठेवली होती आणि पंधराव्याला पैसे मागितल्यावर तोंड वाकडं केलं. फुकट कामाने येणारं गिऱ्हाईक फुकट कामासाठीच येतं.

त्याऐवजी पूर्ण मजुरीचं काम पूर्ण करा, हत्यारं आवरा, केर काढा, आणि मग विचारा, “आणखी काही करकरतंय का?” दहा मिनिटांत होईल असं एक काहीतरी करून द्या. स्क्रू आवळा, सैल मूठ घट्ट करा, बिजागरीला तेल घाला.

एका आजींकडे नळाचा वॉशर बदलायला गेलो होतो. निघताना विचारलं तर त्या म्हणाल्या, झोपायच्या खोलीचं दार करकरतं, पण ते राहू दे, ते काही बिघडलेलं नाही. मी वरच्या बिजागरीची खीळ अर्धी वर उचलली, दोन थेंब मशीनचं तेल सोडलं, खीळ परत ठोकली. खालच्याला तसंच. खालून ओघळलेलं तेल चिंधीने टिपलं. आजींनी दार उघडलं, लावलं. परत उघडलं. मग हळूच, जणू कोणी आत झोपलंय अशा बेताने, तिसऱ्यांदा लावलं आणि म्हणाल्या, “नऊ वर्षं मी रात्री उठले की हे उठायचे.” मी इमारतीखाली पोचायच्या आत त्यांनी बहिणीला फोन केला होता. बहिणीकडून तीन कामं आली. नळाबद्दल त्या बहिणीला काही बोलल्या असतील असं मला वाटत नाही.

सफाईबद्दल एवढंच: भिंतीला भोक पाडण्याआधी खाली चिकट कागदाची एक चिठ्ठी दुमडून खिशासारखी लावा, धूळ त्यात पडते. बूट दाराबाहेर काढा किंवा त्यावर पिशव्या चढवा. ‘भिंतीला भोक पाडलं आणि फरशीवर एक कण नाही’ हे वाक्य लोक दुसऱ्याला सांगतात. ‘भोक सरळ पाडलं’ हे कोणी सांगत नाही, ते गृहीत असतं.

फोन

एका दिवसात चार फोन आले आणि चारही वेळा मी शिडीवर होतो. संध्याकाळी परत फोन केला तर तिघांचं काम झालेलं. बिघाड झालेला माणूस यादीतला पुढचा नंबर लावतो, तो आपली वाट बघत नाही.

व्हॉट्सॲपचं धंद्यासाठीचं वेगळं ॲप आहे, व्हॉट्सॲप बिझनेस, २०१८ पासून, आणि त्याच्या रोजच्या वापराला पैसे लागत नाहीत. त्यात आपोआप जाणारा संदेश ठरवून ठेवता येतो. माझा असा आहे: “काम चालू आहे, एका तासात फोन करतो. तोवर तीन फोटो पाठवा: लांबून एक, जवळून एक, आणि वस्तूवर काही छापलं असेल तर त्याचा एक.” या तीन फोटोंनी दोन गोष्टी होतात. फोटो पाठवलेला माणूस थोडा थांबतो, कारण त्याचं काम सुरू झालंय असं त्याला वाटतं. आणि मला कुठला वॉशर, कुठल्या मापाची बिजागरी हे आधी कळतं, एक फेरी वाचते.

याच ॲपमध्ये लेबलं आहेत. मी चार वापरतो: नवीन, वेळ दिली, पैसे बाकी, पुन्हा विचारायचं. कॅटलॉगमध्ये पाच कामांचे फोटो आणि किमान मजुरी. मजुरी आधी सांगायला कचरू नका. काम झाल्यावर आकडा ऐकून ज्याचा चेहरा पडतो तो भांडत नाही कदाचित, पण तुमचं नाव पुढे कोणाला देत नाही.

नकाशावर नाव

गूगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे, आणि हे पहिल्याच आठवड्यात करायचं काम आहे. पूर्वी त्याला गूगल माय बिझनेस म्हणत, २०२१ मध्ये नाव बदललं. आपण घरोघर जाऊन काम करतो, दुकान नसतं, म्हणून नोंदणी करताना पत्ता लपवा आणि कुठल्या भागांत सेवा देता ते भाग नोंदवा. असे २० भाग देता येतात, पण मी सहाच दिले. जिथे अर्ध्या तासात पोचता येत नाही तिथलं काम घेऊन धंदा चालत नाही. पडताळणीसाठी व्हिडिओ मागितला जाऊ शकतो. हत्यारं, नाव लिहिलेली पिशवी किंवा गाडी, धंद्याचा एखादा कागद, हे सगळं न कापता एका दमात चित्रित करायचं असतं. मी आधी एकदा रंगीत तालीम केली, कारण पहिल्या वेळी पिशवीवरचं नाव उलट्या बाजूला राहिलं होतं.

नावात उगाच शब्द कोंबू नका. ‘सर्वोत्तम स्वस्त प्लंबर सुतार २४ तास’ असं नाव ठेवलं तर प्रोफाइल बंद होऊ शकतं. जे नाव पिशवीवर आहे तेच तिथे. शोधात कोण वर येतो हे गूगलच्या म्हणण्याप्रमाणे तीन गोष्टींवर ठरतं: तुमचं काम शोधणाऱ्याच्या शब्दांशी किती जुळतं, तुम्ही किती जवळ आहात, आणि तुमची ओळख किती आहे. पहिली गोष्ट सेवांची यादी नीट भरून साधते. दुसरी आपल्या हातात नाही. तिसरी म्हणजे बरंचसं लोकांचे अभिप्राय.

अभिप्रायात मी माती खाल्ली होती. प्रोफाइल सुरू झाल्याच्या दिवशीच मेहुणा, चुलतभाऊ, वसतिगृहातले दोन जुने सहकारी, सगळ्यांकडून पाच-पाच तारे लिहून घेतले. सगळे एकाच संध्याकाळी, सगळे ‘अतिशय उत्तम सेवा’. एका गिऱ्हाइकाने ते वाचून मला तोंडावर विचारलं, “हे घरचेच ना?” मी काढून टाकायला लावले. खोटे अभिप्राय नियमातही बसत नाहीत, आणि अभिप्रायाच्या बदल्यात सवलत किंवा भेट देणंही बसत नाही.

खरा अभिप्राय मागायची एक वेळ असते. काम झालं, पाणी सुरू करून दाखवलं, पैसे मिळाले, तुम्ही बूट घालताय आणि गिऱ्हाईक दारात उभं आहे, ती. तेव्हा कार्ड द्यायचं, मागच्या बाजूला अभिप्रायाचा क्यूआर कोड. गूगलच्या प्रोफाइलमधूनच त्याचा दुवा आणि कोड मिळतो. आणि ‘चांगलं लिहा’ म्हणायचं नाही. “काय बिघडलं होतं आणि काय केलं एवढं लिहा” असं म्हणा. ‘फ्लशची टाकी रात्रभर वाहायची, आतला सील बदलला, वीस मिनिटांत झालं’ हे वाचून दुसऱ्या वाहणाऱ्या टाकीवाल्याचा फोन येतो. ‘उत्तम सेवा’ वाचून कोणाचा येत नाही.

वाईट अभिप्राय आला तर रात्री उत्तर देऊ नका. सकाळी द्या, तीन ओळींत, आणि त्यात परत कधी येऊन बघता ते लिहा. माझ्या एकमेव दोन ताऱ्यांच्या अभिप्रायाखालचं उत्तर वाचून काम दिलेले लोक मला भेटलेत.

दुसऱ्या कारागिरांकडून येणारी कामं

लहान काम मोठ्या कंत्राटदाराला नको असतं. पूर्ण घर रंगवणाऱ्या रंगाऱ्याला एका पडद्याची दांडी बसवायला लावली तर तो वैतागतो. स्वयंपाकघरं बनवणाऱ्या सुताराला एक सुटलेली बिजागरी म्हणजे अर्धा दिवस वाया. या लोकांना भेटा. मी दोन रंगारी, एक सुतार आणि हार्डवेअरच्या एका दुकानदाराला भेटलो आणि एवढंच म्हटलं, “जे काम तुम्हाला परवडत नाही ते माझ्याकडे पाठवा. त्यांची मोठी कामं तुमच्याकडेच येतील याची जबाबदारी माझी.” दलाली दिली नाही, मागितली नाही. पण शब्द पाळला. सुताराच्या गिऱ्हाइकाने मला अख्खं कपाट करायला सांगितलं तेव्हा मी सुतारालाच फोन लावून दिला. त्यानंतर तो माझा नंबर मागितल्याशिवायही देतो.

हार्डवेअरच्या दुकानात वेळ चुकवू नका. दुकानदार रिकामा असतो तेव्हा जा, आणि तुमचा माल तिथूनच घ्या. तुटलेला नळ हातात घेऊन आलेला माणूस ‘हे बसवून कोण देईल?’ हे तिथेच विचारतो. मी म्हणतो ती घटका आणि ती जागा, ती हीच.

घरं भाड्याने देणारे एजंटही आहेत. एक भाडेकरू गेला आणि दुसरा येणार, मधल्या चार-पाच दिवसांत कुलूप, नळ, भिंतीतली भोकं हे सगळं लागतं. मी त्यांच्यासाठी एका पानाची तपासणी यादी केली आणि फुकट दिली. यादीच्या तळाशी नंबर.

आणि जे काम तुमचं नाही ते नाही म्हणा. गॅसची जोडणी, मुख्य वीजपुरवठा ही बहुतेक ठिकाणी परवानाधारकाची कामं आहेत. “हे मी करत नाही, हा नंबर घ्या” म्हटल्याने माझं एकही गिऱ्हाईक गेलेलं नाही.

ग्रुप, फोटो आणि गळणारा नळ

परिसराच्या व्हॉट्सॲप किंवा फेसबुक ग्रुपवर जाहिरात टाकली की ती शुभेच्छांच्या ढिगात जाते. तिथे प्रश्नांची वाट बघा. कोणीतरी लिहितं, कमोडमध्ये सतत पाण्याचा आवाज येतो. मी लिहिलं: “टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाका, वीस मिनिटं फ्लश करू नका. खाली भांड्यात रंग उतरला तर टाकीच्या तळाचा सील गळतोय.” नंबर लिहिला नाही. संध्याकाळी तीन घरांतून निरोप आले, रंग उतरला म्हणून. फुकट ज्ञान वाटलं तर काम जाईल अशी भीती मलाही होती. ज्याला स्वतः सील बदलता येतो तो तसाही बोलावणार नव्हता.

माझा सगळ्यात जास्त फिरलेला व्हिडिओ ४० सेकंदांचा आहे. त्यात मी बोलतही नाही. गळणाऱ्या नळाखाली मोजपात्र, शेजारी घड्याळ. दहा मिनिटांनी पात्रात १०० मिलिलिटर. मग कागदावर हिशेब: तासाला ६००, दिवसाला १४ लिटरच्या वर. शेवटी नवीन वॉशर बोटांत धरलेला, नखाएवढा. बास. लोकांनी तो एकमेकांना पाठवला, कारण प्रत्येकाच्या ओळखीत एक गळका नळ असतो.

आधी-नंतरचे फोटो काढताना दोन्ही एकाच जागेवरून काढा. मी फरशीच्या कुठल्या सांध्यावर उभा होतो ते लक्षात ठेवतो. घराचा क्रमांक, कुटुंबाचे फोटो, औषधांच्या बाटल्या चौकटीत येऊ देऊ नका, आणि विचारल्याशिवाय कुठे टाकू नका.

पिशवी आणि गाडी

पिशवीवर नाव, काम आणि नंबर, तीनच ओळी. लिफ्टमध्ये माणसं वाचतात. गाडीवर लिहाल तर अक्षरं मोठी हवीत. दहा मीटरवरून सहज वाचता यायला साधारण आठ सेंटिमीटर उंचीचं अक्षर लागतं. रंगवण्याआधी कागदावर काढून भिंतीला चिकटवा आणि मागे चालत जा. मी चाललो तेव्हा माझी कलाकुसरीची वळणदार अक्षरं सहाव्या पावलालाच पुसट झाली होती.

जुन्या गिऱ्हाइकांना आठवण

तीन-चार महिन्यांतून एकदाच, आणि उपयोगाचं काहीतरी घेऊन. तुमच्याकडे जो ऋतू त्रास देतो त्याच्या महिनाभर आधी: “खिडक्यांच्या कडेचं सिलिकॉन नखाने दाबून बघा. सुटत असेल तर पाऊस आत येईल.” एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात. सुप्रभातचे फुलांचे फोटो पाठवू नका. मी महिनाभर पाठवले आणि दोघांनी मला ब्लॉक केलं. त्यातल्या एका घरात मी अख्खं बाथरूम केलं होतं.

वही

प्रत्येक फोनवर विचारा, “नंबर कुठून मिळाला?” आणि लिहून ठेवा. माझी बायको वही ठेवते. रकाने आहेत: टॅग, जुनं गिऱ्हाईक, गूगल, दुकान, कारागीर, ग्रुप, पत्रक. प्रत्येक फोनला एक रेघ. टॅगचं आणि जुन्या गिऱ्हाइकाचं पान दोनदा बदलावं लागलं. गूगलच्या रेघा सावकाश सुरू झाल्या आणि अभिप्राय वाढले तशा दाटल्या. पत्रकाच्या रकान्यात दोन वर्षं त्याच तीन रेघा होत्या.

उरलेला पत्रकांचा गठ्ठा पिशवीत असतो. पाठ कोरी आहे, कागद जाड आहे, मापं लिहायला बरा. मागच्या महिन्यात एका घरी दाराचं माप लिहिलेलं असं एक पत्रक विसरून आलो. आठवड्याने अनोळखी नंबरवरून फोन. त्या घरी आलेल्या पाहुण्यांनी तो कागद उलटा करून वाचला होता. म्हणाले, मिक्सर चालत नाहीये, यादीत नाव नाही, पण शेवटी इत्यादी लिहिलंय.

बायकोने पत्रकाच्या रकान्यात चौथी रेघ मारली.